स्तुती न सोसणारा हेडफोन

आमच्या घरात हेडफोन आला तो माझ्या नातवामुळे, आणि नातू घरात आला तेव्हा तो आमच्या पितळी तांब्यापेक्षा थोडासाच जड होता. एवढ्याशा माणसाने एवढा मोठा घोळ घालावा हे त्याच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने चांगलं लक्षण आहे, असं माझं मत आहे. माझी बायको मरगदम या मताशी सहमत नाही. तिच्या मते घोळ मी घातला.

तांब्याचं नाव निघालंच आहे, तर तेही सांगून टाकतो. संध्याकाळी कुंभकोणमच्या कुंभेश्वराच्या देवळात दिवे लागले की मी आमच्या ओट्यावर तो रिकामा तांब्या ठेवायचो आणि त्यात माझा फोन उभा करायचो. पितळेतून नागस्वरम, म्हणजे आमच्याकडची लांबलचक सनई, असं घुमून येतं की वाजवणारा गल्लीच्या तोंडाशीच उभा आहे असं वाटावं. ऐकायला आम्ही दोघं, मी आणि कलियपेरुमाळ. मी खाजगी बसवर ड्रायव्हर होतो आणि तो माझा कंडक्टर. मन्नारगुडीच्या रस्त्यावर त्याने शिट्टी फुंकायची आणि मी गाडी हाकायची, यात आमचं तारुण्य संपलं. मला अक्षरओळखही त्यानेच करून दिली, तीही डोक्यावरचे केस निम्मे पांढरे झाल्यावर, गाडीवरच्या पाट्यांवरून. 'मन्नारगुडी' हा मी वाचलेला पहिला शब्द. तो वाचला तेव्हा भर स्टँडवर या माणसाने आनंदाने दोन शिट्ट्या फुंकल्या आणि दुसरीच एक गाडी प्रवासी न घेता सुटली.

तर नागस्वरम. चांगली जागा आली की आम्ही दोघं एकदम मांडीवर थाप मारायचो आणि म्हणायचो, "बेश! बेश!" आमच्या भागात नागस्वरम ऐकून बेश न म्हणणं म्हणजे लग्नाचं जेवण जेवून नवरामुलगा न बघता घरी जाणं. मी तर म्हणतो, वादक निम्मं वाजवतो आणि उरलेलं निम्मं समोरचा बेश म्हणतो तेव्हा पुरं होतं.

मग आमची कयल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नातू झाला. नातवाने कामाच्या वेळा ठरवल्या त्या अशा, की दिवस मावळला की झोपायचं आणि सगळं घर झोपलं की उठायचं. तांब्यातून पहिला सूर निघाला की तो दचकून रडायचा. चौथ्यांदा रडला तेव्हा मरगदम बाहेर आली, फोन काढून माझ्या हातात दिला आणि तांब्या घेऊन आत गेली.

"अहो, घरात तान्हं मूल आहे. देवाची पालखी नाही."

"त्याचा कान तयार होतोय," मी म्हणालो.

"आधी त्याला झोपायला तयार होऊ दे."

कलियपेरुमाळने पानाचा डबा मिटला आणि आम्ही दोघं गल्लीकडे बघत बसलो. हे होसूरला जावयाच्या कानावर गेलं. जावई इलंगो हा फार चांगला मुलगा आहे. हे मी पुढे जे सांगणार आहे त्याच्या आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. आठवड्याभरात त्याने एक खोकं पाठवलं. त्यात बिनवायरचा हेडफोन होता. दोन जाडजूड मऊ वाट्या, मध्ये पट्टी, आणि घडी घालून ठेवायला डबी. सासऱ्याला मिळालेली अशी वस्तू आमच्या गल्लीत पूर्वी कोणी पाहिली नव्हती.

खोक्यात माहितीची पुस्तिका होती. मी छापलेला कागद न वाचता सोडत नाही. उशिरा शिकलेल्या माणसाला ती खोडच असते. चष्मा लावून बसलो आणि पुस्तिका उघडली, तर आत एक अक्षर नाही! नुसती चित्रं. डोकं, बोट, बाण, बाणाला फुली. मी एवढ्या कष्टाने अक्षरं शिकलो आणि कंपनीने तेवढ्यात ती वापरणंच सोडून दिलं. कयलला विचारता आलं असतं. पण बापाने लेकीला काय काय विचारायचं याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा मी बटणांच्या अलीकडेच आखली होती.

औषधाच्या दुकानातले सेतुरामन सल्ला द्यायला आपण होऊन आले. गोळीबरोबर सल्ला ते फुकट देतात, आणि गोळी नको असेल तर नुसता सल्लाही देतात.

"वैत्तिलिंगम, रोज किती वेळ लावणार?"

"संध्याकाळी. आणि सकाळी फिरायला जाताना."

"कानाला हवा लागली पाहिजे. हवा नाही लागली तर आतलं शहाणपण घामेजतं."

"मग मी लावू की नको?" मी विचारलं.

ते थोडा विचार करून म्हणाले, "तुम्ही लावा. तुम्हाला भीती नाही."

पण मी खोटं बोलणार नाही. तो हेडफोन पहिल्यांदा कानावर ठेवला आणि बाजूचं बटण दाबलं, तेव्हा मला रडू आलं. पंखा बंद झाला. म्हणजे फिरत होता, पण बंद झाला. स्वयंपाकघरातला ग्राइंडर गेला, शेजारची मोटर गेली. जुन्या गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असतं, आणि तो घरघराट मी नोकरी सोडल्यावरही माझ्या डोक्यात राहिला होता. तोही लांब गेला, मन्नारगुडीपर्यंत गेला असावा. मग नागस्वरम सुरू झालं आणि मला वादकाचा श्वास ऐकू आला. सूर सुरू होण्याआधी तो श्वास घेतो, तो. एवढी वर्षं ऐकत होतो, पण हा माणूस श्वास घेतो हे मला माहीत नव्हतं.

भारावून मी म्हणालो, "बेश!"

आणि वादक थांबला.

मला वाटलं, फोनमध्ये काही बिघडलं. थोड्या वेळाने तो आपण होऊन पुन्हा सुरू झाला. सुंदर जागा आली. मी म्हणालो, "बेश!" तो थांबला. पंखा सुरू झाला, ग्राइंडर सुरू झाला, नातू रडायला लागला, सगळं जग परत कानात आलं. मी गप्प बसलो की वादक सुरू, मी तारीफ केली की वादक बंद. आयुष्यात पुष्कळ मानी कलाकार पाहिले, पण कौतुकाला इतका भिणारा पाहिला नव्हता.

कलियपेरुमाळ शेजारी बसून हे बघत होता आणि पोट धरून हसत होता. मग त्यालाही ऐकावंसं वाटलं. आम्ही पट्टी ताणून एक वाटी त्याच्या कानाला आणि एक माझ्या कानाला लावली. दोन म्हातारी डोकी एकमेकांना चिकटलेली. वादक पुन्हा थांबला. दोन्ही वाट्या एकाच डोक्यावर नसतील तर हा हेडफोन वाजतच नाही! मरगदम कॉफी घेऊन बाहेर आली आणि आम्हाला त्या अवस्थेत पाहून कॉफी तशीच आत घेऊन गेली.

"राहू दे," कलियपेरुमाळ म्हणाला. "तू ऐक. मी बसतो."

तो बसायचा. तो रोज बसायचा आणि मी डोळे मिटून ऐकायचो. आता सांगताना कळतं की यात काहीतरी वाईट होतं, पण तेव्हा माझ्या कानात नागस्वरमच्या साथीचं तविल, म्हणजे ढोल, वाजत होतं.

एका संध्याकाळी तविल फार रंगलं होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते, कारण तोंडून बेश गेलं असतं तर सगळं थांबलं असतं. तोंडाला बंदी केल्यामुळे सगळी दाद मानेत उतरली होती. मान हलत होती, हात हवेत उडत होता. शेवटच्या थापेला डोळे उघडले तर कलियपेरुमाळ चपला घालत होता. मला वाटलं, कॉफी उशिरा आली म्हणून निघाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला तर त्याने उचलला नाही. मला वाटलं, हेडफोनमुळे रुसला. मग हेडफोनच दुरुस्त करून घ्यावा, तारीफ सोसेल असा करून घ्यावा, म्हणून मी मोठ्या रस्त्यावरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. आत गारेगार हवा होती आणि टेबलापलीकडे एक गोड मुलगी होती.

"काय तक्रार आहे सर?"

"बेश म्हटलं की थांबतो."

"कोण?"

"वादक."

तिने संगणकाकडे पाहिलं. "आवाज येत नाही, चार्ज होत नाही, एकाच कानात येतं, तुटला आहे. यातलं कोणतं लिहू?"

"यातलं एकही नाही. हेडफोन उत्तम आहे. उत्तम आहे म्हणून तर मी बेश म्हणतो."

"मग म्हणू नका ना सर."

मी खुर्चीत ताठ बसलो. "पोरी, मोठमोठे वादक माझ्यापासून हातभर अंतरावर वाजवत होते. त्यांच्या तोंडावर मी बेश म्हटलंय. एकानेही नागस्वरम खाली ठेवलं नाही."

रांगेतले लोक माझ्याकडे बघायला लागले. तिने बिल मागितलं. बिल जावयाच्या नावावर. मग जावयाने यायला हवं. जावई होसूरला. मग जावयाने होसूरच्या केंद्रात जावं. हेडफोन कुंभकोणमला. मग हेडफोन होसूरला जावा. पण बेश मी म्हणतो, आणि मी इथे आहे. इथवर आल्यावर तिने 'इतर' असं काहीतरी निवडलं, टाइप केलं आणि पावती माझ्या हातात दिली. पावतीवर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ग्राहक स्तुती करतो.' आमचा माणूस तुम्हाला फोन करेल, असं तिने सांगितलं. मी ती पावती घडी करून खिशात ठेवली. माझ्याविषयी इतकं चांगलं कोणी छापून दिलं नव्हतं.

घरी आलो तर मरगदम दारातच उभी होती.

"कलियपेरुमाळ चालले चेन्नईला. कायमचे. मुलाकडे. घर भाड्याने देतायत."

"मला न विचारता?"

"तुम्हाला विचारूनच! त्यांची बायको सांगत होती. ते मुद्दाम विचारायला आले होते, 'मुलगा बोलावतोय, जाऊ का?' म्हणून. तुम्ही मान डोलावलीत. 'एवढी वर्षं इथे काढली, तुला काय वाटतं?' म्हणाले, तर तुम्ही हात उडवून दाखवलात, की जा. आणि हसत होतात म्हणे!"

मी ओट्यावर बसलो. ती सगळी संध्याकाळ मला आठवली. ती मान, तो हात. तविल इतकं सुंदर वाजत होतं आणि त्याच्या शेजारी हा माणूस आपलं आयुष्य विचारत बसला होता.

तसाच त्याच्या घरी गेलो. दारात दोऱ्यांनी बांधलेली खोकी होती. कलियपेरुमाळने मला दारातच अडवलं. सुटे पैसे नसलेल्या प्रवाशाकडे तो पूर्वी बघायचा तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"अरे, मला ऐकूच आलं नाही!" मी म्हणालो.

"आता ऐकू येत नाही. आणि रोज पहाटे फोन करून धापा टाकता येतात?"

"कसल्या धापा?"

"मी कानाला लावतो तर पलीकडून नुसतं हुं, हुं, हुं. एवढी वर्षं शेजारी बसलो, ड्रायव्हर, आणि मला हिणवायला तुला हेच सुचलं?"

"मी तुला पहाटे फोन केलेलाच नाही!"

"मग तुझ्या भुताने केला असेल," म्हणून त्याने दार लावून घेतलं.

सेतुरामनना विचारलं तर ते म्हणाले, हे बाहेरच्या देशातले चोर असतात, त्यांनी तुमच्या धापा चोरल्या आहेत. घरातल्या घरात काय काय चोरीला जाऊ शकतं ते त्यांनी मला बराच वेळ सांगितलं. मला त्यातलं एकच कळत होतं, की शुक्रवारी सकाळच्या गाडीने कंडक्टर जाणार.

गुरुवारी नेहमीसारखा फिरायला निघालो. खिशात फोन आणि कानावर हेडफोन होता, पण काही लावलं नव्हतं; नुसती शांतता ऐकत होतो. गल्लीच्या कोपऱ्यावर पिंपळाखाली आमचा पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, आहे. रोज त्याच्यासमोर चपला काढायच्या, हाताची घडी घालावी तसे हात एकमेकांवरून आडवे नेऊन दोन्ही मुठींनी डोक्याच्या दोन बाजूंना टकटक करायचं, मग कान धरून उठाबशा काढायच्या, हा माझा लहानपणापासूनचा नेम. हेडफोन मी कधी काढायचो नाही. तो इतका मऊ आहे की डोक्यावर आहे हेच विसरायला होतं. आणि वाट्या इतक्या मोठ्या, की मुठी डोक्यावर न पडता त्यांच्यावरच पडायच्या. टक, टक. त्यानंतर रोज कानात कुठेतरी लांब किणकिण ऐकू यायची. मला वाटायचं, देवळाची घंटा.

त्या दिवशीही टकटक केलं, किणकिण झाली, आणि उठाबशा काढत मी नेहमी मनात बोलतो ते तोंडाने बोलायला लागलो. सकाळची वेळ होती, फुलवाली दुर्वांच्या जुड्या बांधत होती, आणि लाजायचं माझं वय राहिलेलं नाही.

"पिळ्ळैयारा, हुं, तो चाललाय. मी मान हलवली ती तविलला, हुं, त्याला नाही. तुझे कान एवढे मोठे, तुला तरी तो काय बोलला ते ऐकू आलं असेल. मला नाही आलं. हुं. हे यंत्र चांगलं आहे रे. माझ्या डोक्यातलं इंजिन यानेच बंद केलं. जावयाचं कल्याण कर. पण त्यात एकट्यालाच ऐकू येतं. बेश म्हणायला शेजारी तो नाही, हुं, तर मला श्वास ऐकू आला काय आणि नाही आला काय. त्या माणसाने मला अक्षर दिलं. मी त्याला काय दिलं? मान हलवून दाखवली. त्याला जाऊ देऊ नकोस. हुं. आणि पाठवायचंच असेल तर गाडीवर मला वाचता येईल अशी पाटी लाव, म्हणजे मी मागच्या गाडीने येईन."

"उठाबशा पुरे," पिळ्ळैयार म्हणाला. "गुडघा जाईल."

मी जागच्या जागी थिजलो. आवाज बाहेरून नव्हता. माझ्या डोक्याच्या अगदी मध्यातून आला होता, स्वच्छ, गंभीर. मी देवाकडे पाहिलं. सोंड हलली नव्हती. मी धाडकन रस्त्यावरच साष्टांग घातला. फुलवाली जुडी टाकून धावत आली.

"देवा," मी जमिनीला तोंड लावून म्हणालो, "तुझा आवाज अगदी कलियपेरुमाळसारखा आहे."

"मग कोणासारखा असणार? फोन तू केलायस."

"मी नाही केला!"

"उजाडलं की तुझा फोन येतो. रोज. पहिला राग होता तेव्हा उचलला नाही, नंतर उचलतो, पण बोलत नव्हतो. अबोला माझा होता, मग आधी मी कसा बोलू? आज ठेवणारच होतो, तर तू जावयाचं कल्याण मागायला लागलास. म्हटलं, बघू माझा नंबर लागतो का."

फुलवालीने मला बखोटीला धरून उठवलं आणि माझ्या तोंडावर पाणी मारलं. मी हेडफोनकडे बोट दाखवून रडत होतो आणि ती म्हणत होती, "काढा ते आधी, त्यानेच झालंय."

"ड्रायव्हर," कानातला आवाज म्हणाला, "मला जायचं नव्हतंच. तू थांब म्हणशील म्हणून विचारायला आलो होतो."

"मग थांब ना!"

मग कानात एक लांब शिट्टी वाजली. एक शिट्टी म्हणजे गाडी थांबवायची, हे आमच्या दोघांशिवाय त्या रस्त्यावर कोणाला कळणार? आवाज बंद करणारं ते यंत्र, पण ती शिट्टी त्याने जशीच्या तशी आत सोडली. त्या उपकाराबद्दल मी त्याचे मागचे सगळे गुन्हे माफ केले.

संध्याकाळी कलियपेरुमाळ पानाचा डबा घेऊन ओट्यावर आला. मुलाला त्याने दिवाळीला येतो म्हणून कळवलं होतं. खोकी बांधलेली तशीच होती. दोऱ्या सोडायला मलाच यावं लागेल, ही शिक्षा त्याने मला दिली.

मी हेडफोन लावला. तो समोर सरकून बसला, माझ्या तोंडाकडे बघत. गाडीत तो मागच्या दारात उभा राहून आरशातून माझं तोंड बघायचा आणि मी ब्रेक लावणार हे प्रवाशांच्या आधी ओळखून दांडी धरायचा. नागस्वरम सुरू झालं. श्वास, सूर, एक वळण, आणि मग ती जागा आली. मी ओठ घट्ट मिटले.

"बेश!" कलियपेरुमाळ म्हणाला.

मला ते ऐकू आलं नाही, पण त्याच्या तोंडावर दिसलं. अगदी नेमक्या ठिकाणी. आणि वादक थांबला नाही! तो फक्त माझ्याच आवाजाला थांबतो. दुसऱ्याने केलेली तारीफ त्याला चालते.

मग पाळी त्याची. हेडफोन त्याच्या कानावर आणि बेश माझ्याकडे. पण कंडक्टरचं तोंड हे कंडक्टरचंच. त्यावर काहीही उमटत नाही. मी अंदाजाने जोरात "बेश!" म्हणालो. त्याने एक वाटी उचलली.

"अजून जाहिरात चाललीये," तो म्हणाला.

इतक्यात कयल बाळाला खांद्यावर घेऊन बाहेर आली आणि आमचा हा प्रकार बघत उभी राहिली.

"अप्पा, बोललं की थांबायचं, वाटीवर टकटक केलं की शेवटचा नंबर परत लावायचा, हे सगळं फोनमध्ये बंद करता येतं. एक खूण काढायची फक्त. आधीच विचारायचं ना! देऊ बंद करून?"

मी कलियपेरुमाळकडे पाहिलं. तो पानाला चुना लावत होता, फार लक्ष देऊन.

"नको," मी म्हणालो. "असू दे तसंच."

बाळ झोपलं होतं. नंतर सर्व्हिस सेंटरमधून फोन आला, तुमची 'ग्राहक स्तुती करतो' ही तक्रार अजून आहे का, म्हणून. मी म्हणालो, मिटली. कशी मिटली हे त्यांना लिहून घ्यायचं होतं. मी सांगितलं, "आता ते काम शेजारचे करतात. आपले फार फार आभार."